जोडी सोडवायची कशी

शाळेत त्यांना सगळे जोडीबाई म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. ज्या शिक्षकाला टोपणनाव पडत नाही तो एक तर फार थोर असतो, नाही तर कायम रजेवर असतो. बाई दोन्ही नव्हत्या. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे, आई घरात खर्चाची तोंडं. बाई शिक्षिका झाल्या त्यामागे ध्येय वगैरे काही नव्हतं. शिक्षिकांचं प्रशिक्षण घराच्या मागच्या गल्लीत चालायचं आणि बाकी सगळ्या शिक्षणाला बसने जावं लागे. ध्येय नंतर चिकटलं, चपलेला चिखल चिकटावा तसं, चालता चालता.

जोडीची पद्धत त्यांनी शोधून काढली असं पुढे छापून आलं. खरं तर ती टंचाईने शोधली. एका वर्षी शाळेत पुस्तकं निम्मीच आली, तेव्हा दोघांत एक पुस्तक द्यायचं ठरलं. बाईंनी आधी उंचीप्रमाणे जोड्या लावल्या, भांडणं पाहून त्या मोडल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की भरभर वाचणाऱ्याच्या शेजारी अडखळणारा बसला की दोघंही सुधारतात: एकाला धीर येतो, दुसऱ्याचा तोरा उतरतो. पुढच्या वर्षी पुस्तकं पुरेशी आली. बाईंनी निम्मी कपाटात घालून कुलूप लावलं. हेडसरांना याचा पत्ता लागेपर्यंत हेडसरच बदलले होते.

तेव्हापासून बाईंच्या वर्गात एकटं कुणी नसे. कुबड्या घेऊन येणाऱ्याला जोडी, घटकाभर एका जागी न टिकणाऱ्याला जोडी, परक्या मुलुखातून आलेल्या आणि इथल्या भाषेचा गंधही नसलेल्या पोरीला जोडी. हजेरी घेताना त्या नाव पुकारत नसत. ‘तुझी जोडी आली का?’ एवढंच निम्म्या वर्गाला विचारत, आणि हजेरी पुरी होई.

मग शाळाशाळांचं जाळं आलं. मागे पडणारं मूल मागे राहू नये म्हणून देशोदेशीच्या प्राथमिक शाळांनी आपापल्या पद्धती एकमेकींना दाखवायच्या, अशी ती योजना. परिपत्रकात तिचं नावच दोन ओळींचं होतं. बाईंनी ते वाचून हेडसरांना विचारलं, म्हणजे कुणाला बाहेर ठेवायचं नाही, एवढंच ना? हेडसर म्हणाले, एवढंच असतं तर परिपत्रक कशाला काढलं असतं?

इकडच्या वर्गाची फिल्म तिकडे गेली, तिकडची इकडे आली, आणि देवाणघेवाणीत जे होतं तेच झालं. खोकं पोचलं, आतला माल कुठला आणि पेंढा कुठला, हे कुणी लिहून दिलं नव्हतं. तिकडच्या फिल्ममध्ये सगळी मुलं नुसत्या मोज्यांवर वावरत होती. हेडसरांनी मोजे सक्तीचे केले. पुढे कळलं की त्या दिवशी तिकडे फरशी नुकतीच धुतली होती. इकडच्या फिल्ममध्ये बाई वर्गाच्या मधोमध उभ्या राहून शिकवत होत्या, कारण फळ्याजवळचा पंखा इतका कुरकुरायचा की पुढून बोललेलं मागे पोचत नसे. तिकडच्या काही शाळांनी शिक्षकांची टेबलं उचलून वर्गाच्या मध्यावर नेली आणि त्यावर एक पुस्तिका काढली. बाईंनी ती घरी नवऱ्याला दाखवली. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत सगळी हयात घालवलेला तो माणूस; अशा गोष्टींचं त्याला नवल नव्हतं. तो म्हणाला, "पंखा दुरुस्त करू देऊ नकोस आता. दोन देशांचे संबंध बिघडतील."

जोडी मात्र तिकडे खरोखरच रुजली. त्याचं निम्मं श्रेय फिल्ममध्ये सगळ्यात जास्त दिसणाऱ्या दोन मुलींना होतं. एक शिंपिणीची मुलगी, दुसरी कुलूपवाल्याची.

शिंपिणीच्या मुलीला जन्मापासून फार कमी दिसे. उजेड-अंधार कळे, समोर माणूस उभा आहे हे कळे. फळा म्हणजे नुसता एक काळोखाचा तुकडा. ती पहिलीत आली तेव्हा बाईंनी तिच्या शेजारी कुलूपवाल्याची मुलगी बसवली. बाई त्या वर्गाबरोबरच वर चढत गेल्या, आणि आता वर्ग चौथीत होता. कुलूपवाल्याची मुलगी फळा वाचून कानात सांगे, बोट धरून वहीतली ओळ दाखवे, मैदानात हात धरून पळवे. शिंपिणीची मुलगी ऐकलेलं सगळं डोक्यात ठेवी आणि परीक्षेत वरच्या नंबरात येई. मुलं त्यांना सुई-दोरा म्हणत. एकदा बाईंनी कौतुकाने विचारलं होतं की एवढं सगळं तू तिला सांगतेस तरी कसं गं. पोरगी ताठ होऊन म्हणाली, "सगळं नाही सांगत बाई. कामाचं तेवढंच सांगते." बाईंनी तिची पाठ थोपटली आणि साऱ्या वर्गाला ऐकवलं की हुशारी म्हणतात ती ही.

शिंपीण हीसुद्धा बाईंचीच विद्यार्थिनी, पण पुस्तकांच्या टंचाईच्या आधीची. नवरा वारल्यावर तिने पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकलं होतं आणि मागच्या खोलीत मुलीला वाढवलं होतं. चौथीनंतर ही शाळा संपायची. पुढे मोठी शाळा. तिथल्या मुख्याध्यापिकांनी शिंपिणीला सांगितलं होतं की मुलीला एक सकाळ आमच्या वर्गात एकटी बसू द्या. निभावलं तर घेऊ. नाही निभावलं तर दूरच्या शहरात अंध मुलांची वसतिशाळा होती. शाळा चांगली होती, तिला कुणी नावं ठेवली नसती. फक्त तिथली मुलं मोठ्या सुट्टीलाच घरी येत. शिंपिणीला मुलगी एकच होती. आणि कुलूपवाला तर वर्ष संपलं की दुकान मोडून भावाच्या गावी निघालेला.

अशा दिवसांत पाहुण्या बाई आल्या. तिकडे जोडीची पद्धत पहिल्यांदा सुरू केली ती यांनी. उंच, पिकल्या केसांच्या, आणि पाहुण्याला शोभणार नाही इतक्या गप्प. दुभाषी म्हणून हेडसरांनी आपल्या मेहुण्यांना आणून बसवलं. ते मेहुणे हेडसरांचे, पण दुपारपर्यंत शिपायापासून सगळेच त्यांना मेहुणे म्हणू लागले. उमेदीची वर्षं त्यांनी जहाजावरच्या कोठारात काढली होती. त्यांची परभाषा पोती, खोकी आणि तक्रारी एवढ्या विषयांत पक्की होती. पाहुण्या बाई बराच वेळ काही बोलत. मेहुणे मान डोलवत ऐकून घेत आणि बाईंना सांगत, "त्या म्हणतात, छान आहे." मग बाई काही लांबलचक विचारत, आणि मेहुणे ते चार शब्दांत उरकत. बाई मनातल्या मनात धुमसत होत्या, पण हेडसरांचे मेहुणे पडले.

दुसऱ्या दिवशी पाहुण्या बाई सुई-दोऱ्याच्या बाकाशी जाऊन बसल्या. शिंपिणीच्या मुलीला त्यांनी मेहुण्यांमार्फत विचारलं की तुला वर्गात काय आवडतं. प्रश्न पुरा व्हायच्या आत कुलूपवाल्याची मुलगी म्हणाली, "तिला गणित आवडतं." एखादी गोष्ट कळली नाही तर तू काय करतेस? "तिला सगळं कळतं." तिसरा प्रश्न होता, तुझं नाव काय. नावही कुलूपवाल्याच्या मुलीनेच सांगितलं. वर्ग हसला. बाईही हसल्या. शिंपिणीची मुलगी आवाजांकडे तोंड करून प्रसन्नपणे बसली होती, जसं काही दुसऱ्याच कुणाविषयी बोलणं चाललं होतं.

शिक्षकांच्या खोलीत आल्यावर पाहुण्या बाई खालच्या आवाजात बोलू लागल्या. पुष्कळ बोलल्या. मध्येच थांबून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्यांचं झाल्यावर मेहुणे बाईंकडे वळले आणि म्हणाले की त्यांना फार आवडलं, त्यांच्याकडेही अशीच एक जोडी होती.

"होती म्हणजे?" बाई म्हणाल्या. "अहो, एवढा वेळ बोलत होत्या त्या. डोळे पुसले त्यांनी."

"आता सगळंच काय सांगायचं बाई," मेहुणे म्हणाले. "कामाचं तेवढं सांगतो मी."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आपण एका खोलीत बसलो आहोत, समोर एक बाई रडते आहे, आणि आपल्या वाट्याला त्यातलं फक्त ‘आवडलं’ एवढंच आलं आहे, हे त्यांना लख्ख दिसलं. दोन दिवसांत आपला एवढा संताप झाला. शिंपिणीच्या मुलीची तर सगळी शाळा अशी सरत आली होती. ती चिडलीही नव्हती, कारण काय गाळलं जातं आहे हे कळायला, गाळणारीवाचून दुसरं कुणी तिच्या शेजारी कधी बसलंच नव्हतं.

"मेहुणे," त्या म्हणाल्या, "पोतं पालथं करा. खडेसुद्धा दाखवा मला."

मेहुण्यांना राग आला, पण कोठारवाल्याचा अभिमानही जागा झाला असावा. त्यांनी पाहुण्या बाईंना पुन्हा बोलायला लावलं आणि वाक्यावाक्याला थांबवून सगळं उतरवून दिलं. तिकडे एका मुलाला ऐकू येत नसे. त्याची जोडी इतकी उत्तम जमली होती की लोक पाहायला येत. मग तो पुढच्या शाळेत गेला. तिथे तो रोज बाकावर बसून शेजारच्याकडे पाहत राही, की आता हा सांगेल, आता सांगेल. कुणी काही सांगितलं नाही. आणि आपण विचारायचं असतं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. काही महिन्यांनी त्याने शाळा सोडली. आता घरीच असतो. त्याचा जोडीदार शरमेने त्याला भेटायला जात नाही. पाहुण्या बाई एवढ्या लांब आल्या होत्या त्या एकच गोष्ट विचारायला, कारण ती फिल्ममध्ये नव्हती. तुम्ही इथे जोडी सोडवता कशी?

फिल्ममध्ये नव्हतं, कारण वर्गातही नव्हतं. इतक्या जोड्या त्यांनी हातात हात देऊन पुढे धाडल्या होत्या; पुढे त्या हातांचं काय झालं, ही चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. चौथी पास म्हणजे त्यांच्या लेखी पैलतीर.

"नाही सोडवत," त्या म्हणाल्या. हे मात्र मेहुण्यांनी जसंच्या तसं पोचवलं.

संध्याकाळी घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. उत्तर सापडलं तर मलाही कळव, आपलीही जोडी जुनी झाली, असं तो म्हणाला. बायको हसली नाही हे पाहून तो मुकाट्याने उठला आणि भांडी विसळायला लागला.

पाहुण्या बाई जाईपर्यंत दोघींनी मिळून एक नियम बसवला. मेहुण्यांनीही त्यात आपल्या परीने भर घातली. शिंपिणीच्या मुलीच्या शेजारी रोज वेगळी मुलगी बसेल, आणि विचारल्याशिवाय कुणी काही सांगणार नाही. विचारलं तर सगळं सांगायचं. तिकडेही हाच नियम लागू करून पाहायचा आणि संगणकाच्या पडद्यावर भेटून एकमेकींना कळवायचं. ऐकायला सोपं होतं. सोपं नव्हतं ते शिंपिणीला सांगणं.

शिंपीण मशीनवरून उठली नाही. कुणाच्या तरी बाहीचं टोक सुईखाली होतं. ती म्हणाली, "बाई, मी तुमच्या वर्गात होते तेव्हा जोडी नव्हती. मी मागच्या बाकावर बसून उसवत गेले, तुम्हाला कळलंही नाही. माझ्या पोरीला जोडी मिळाली म्हणून ती टिकली. आता तीच काढून घेणार?"

"अगं, अलगद सोडवतेय."

"शिवण कितीही अलगद उसवली तरी कापडावर भोकं राहतात. माझा धंदाच आहे तो."

बाई म्हणाल्या, "राहतील. पण मोठ्या शाळेत ती कुणीतरी सांगेल म्हणून वाट बघत बसली, तर तिला वसतिशाळेत पाठवावं लागेल तुला. मग ती भोकं बघायलाही तू जवळ नसशील."

शिंपिणीने मान खाली घातली आणि मशीन सुरू केलं. तो होकार होता की चालत्या व्हा म्हणायची तऱ्हा होती, हे बाईंना कळलं नाही. त्यांनी होकार धरला.

कुलूपवाल्याच्या मुलीला त्यांनी खिडकीजवळच्या बाकावर हलवलं. तिने दप्तर उचललं आणि विचारलं, "माझं काय चुकलं बाई?" बाई म्हणाल्या की तुझं काही चुकलं नाही. ते खरं होतं आणि निरुपयोगी होतं. चुकलं ते माझं, असं म्हणायला हवं होतं. ते ओठांवर आलंही होतं, पण सगळा वर्ग बघत होता, आणि इतक्या वर्षांच्या सवयीची जीभ ऐन वेळी वळत नाही.

पहिले दिवस फार वाईट गेले. शिंपिणीची मुलगी काही विचारेचना. विचारणार तरी काय? जे आहे हेच माहीत नाही त्याविषयी प्रश्न कुठून आणायचा? ती हात मांडीवर ठेवून, मान जरा तिरकी करून बसे, कान खिडकीच्या बाकाकडे. तिकडून कुलूपवाल्याची मुलगी खोकत असे. गणिताचं उत्तर जितकं असेल तितक्यांदा खोके. उत्तरं मोठी होत गेली तशी बाईंनी तिला पाणी प्यायला पाठवायला सुरुवात केली. वर्ग बाईंवर रुसला. पडद्यावर पाहुण्या बाईंनी सांगितलं की तिकडे तर एक पालक हेडसरांच्या अंगावर धावून गेला. दोन्ही शाळांनी न जमलेली गोष्ट एकमेकींना पाठवायची ही पहिलीच खेप, आणि त्या दिवशी मेहुण्यांनी एक शब्द गाळला नाही.

मग पाळी आली ती रेडिओची. रेडिओ म्हणजे वर्गातली सगळ्यात बडबडी मुलगी; तिला आजवर कुणाचीही जोडी मानवली नव्हती, कारण कामाचं आणि बिनकामाचं यांतला फरक तिच्या गावी नव्हता. नियमामुळे ती सकाळभर गप्प बसली होती आणि फुटायच्या बेतात आली होती. भागाकार चालला होता. शिंपिणीच्या मुलीने अगदी बारीक आवाजात विचारलं, "फळ्यावर काय आहे?"

रेडिओ सुरू झाला. "भागाकार आहे, तो बाईंनी आधी चुकवला होता म्हणून अर्धा पुसलाय, पुसल्याचे पांढरे पट्टे तसेच आहेत, वर पाल बसलीय, ती पंख्याकडे बघतेय, मघाशी हेडसर डोकावून गेले, त्यांचा एक मोजा घसरलाय."

शिंपिणीच्या मुलीचा हात वहीवर थांबला.

"पाल रोज असते?"

"रोज! पहिलीपासून आहे. आता जाड झालीय."

"मग मला कुणी सांगितलं नाही ते," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही. नोंद करावी तसं. कुलूपवाल्याच्या मुलीने बाकावर डोकं टेकलं आणि तास संपेपर्यंत वर केलं नाही. बाईंनी तो भागाकार पुरा केला. पुन्हा चुकला तो.

त्यानंतर शिंपिणीच्या मुलीने प्रश्नांचा असा सपाटा लावला की शेजारणींना नको जीव झाला. भिंती कुठल्या रंगाच्या, नकाशात निळं किती, बाई रागावल्या की भुवया कुठे जातात. या भरात तिचे मार्क घसरले. शिंपिणीने ते बाईंना दाखवले, बोलली काही नाही. न बोलता माणसाला उभं जाळता येतं. बाईंनाही रात्री झोप लागेना. मार्कांवर बोट ठेवून मोठी शाळा नाही म्हणाली असती, तर हात दाखवून अवलक्षण झालं असतं, आणि ते अवलक्षण भोगायला बाईंना नव्हे, त्या पोरीला जावं लागलं असतं.

ती सकाळ उजाडली. मोठ्या शाळेच्या व्हरांड्यात, वर्गाच्या बंद दाराबाहेरच्या बाकावर बाई आणि शिंपीण बसल्या. आत जायची दोघींनाही परवानगी नव्हती. वरची झडप उघडी होती, तेवढ्यातून आवाज येत होता. गणिताचे सर होते. खडू चालल्याचा आवाज, मग शांतता, मग पुन्हा खडू. ज्याला फळा दिसत नाही त्याला वर्ग कसा ऐकू येतो, हे बाई पहिल्यांदाच ऐकत होत्या: नुसती कुरतड, आणि मध्ये मध्ये सगळ्यांना काहीतरी कळल्याची कुजबुज.

मग ओळखीचा बारीक आवाज आला. फळ्यावर काय आहे? शेजारची मुलगी काही बोलली नाही. तासाला बोलायचं नाही ही तिथली शिस्त. पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा गप्प. शिंपिणीने बाईंचं मनगट धरलं.

"कोण बोलतंय तिकडे?" सरांचा आवाज आला.

आत काहीच हललं नाही. शिंपिणीची नखं बाईंच्या हातात रुतली. बाईंना तिकडच्या त्या मुलाची आठवण झाली, वाट पाहत बसलेल्या. कधी न पाहिलेला त्याचा चेहरा त्यांना या दारापलीकडे दिसला.

"मी बोलतेय सर," शिंपिणीची मुलगी म्हणाली. "मला फळा दिसत नाही. तुम्ही लिहिता ते बोलून लिहाल का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. सर म्हणाले की इतकी वर्षं नोकरी झाली, असं मला कुणी सांगितलेलं नाही. ती उठल्याचा आवाज मघाशी आला होता, खाली बसल्याचा काही आला नाही. बराच वेळ गेला. मग खडू चालू लागला आणि त्याच्याबरोबर सरांचा नाराज, रुक्ष आवाज, एकेक आकडा उच्चारत.

"सर, जरा हळू," ती म्हणाली.

शिंपिणीने मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मुख्याध्यापिकांनी तिला घेतलं. घेताना एवढं म्हणाल्या की मुलगी आगाऊ आहे. बाई म्हणाल्या, "हो." कुणाच्याही प्रगतिपुस्तकावर आपण इतका चांगला शेरा कधी लिहिला नव्हता, असं त्यांना वाटून गेलं.

तिथून त्या घरी गेल्या नाहीत. कुलूपवाल्याच्या दुकानी गेल्या. दुकान निम्मं आवरून झालं होतं. भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्यांच्या रांगा, जमिनीवर खोकी. कुलूपवाल्याने त्यांच्यासाठी स्टूल पुसलं आणि तो आत निघून गेला. पोरगी बाईंशी बोलत नाही हे त्याला माहीत असावं. ती काउंटरमागे बसून एका किल्लीचे दात कानशीने घासत होती. बाईंनी सांगितलं की तिला घेतलं मोठ्या शाळेत. कानस थांबली नाही.

"माझं चुकलं होतं," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. तू मी शिकवलं तसंच केलंस."

पोरीने किल्ली उजेडात धरून पाहिली, पुन्हा घासायला घेतली. मान वर न करता तिने विचारलं, "तिच्या शेजारी कोण होतं?"

"होती कुणीतरी. नाव नाही विचारलं मी."

"तिला खिडकीकडे तोंड करून बसवू नका म्हणावं. उजेड डोळ्यांत जातो. मग डोकं दुखतं, पण ती सांगत नाही."

बाईंना हे माहीत नव्हतं. आता लगेच उठावं, मोठ्या शाळेत जावं आणि बाक फिरवून घ्यावा, असं त्यांच्या मनात आलं. त्या स्टुलावर बसून राहिल्या.

"सांगेल ती," त्या म्हणाल्या.

पोरीने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"नक्की?"

"नक्की नाही," बाई म्हणाल्या. "पण आज सांगितलं तिने."

पोरीने फुंकर मारून किल्लीवरचा कीस उडवला आणि ती हुकाला अडकवली.